थोरल्यांची बाजू घेणारा वकील

वकिलाने कोर्टाची पायरी कधी बघितली नव्हती. काळा कोट तर सोडाच, इस्त्रीचा शर्ट घातला तरी त्याच्या अंगाला खाज सुटायची. पण मित्रांच्या टोळक्यात हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. कारण जगातल्या कुठल्याही टाकाऊ अल्बमचं वकीलपत्र तो हसत हसत घ्यायचा.

टोळकं म्हणजे चौघं, आणि चौघांचा जीव एकाच मेटल बँडवर. त्या बँडला ते ‘थोरले’ म्हणायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांचं ऐकलं नाही तरी चालेल, पण थोरल्यांचा शब्द खाली पडता कामा नये. आणि ते सुरुवातीचे अल्बम! गिटार अशी की खिडकीच्या काचा कुरकुराव्यात. गायक घशात खडी भरून आल्यासारखा. आणि ड्रमर दोन्ही पायांनी असा ढडढडढडढड सुटायचा की वाटावं, कुणीतरी शिलाई मशीनला भूत लावलंय.

मग थोरल्यांनी केस कापले. पाठोपाठ बासरी आणली. नंतर एक अख्खा अल्बम समुद्रावर काढला, त्यात तर लाटाच जास्त आणि गिटार कमी. टोळक्याचा मात्र नियम होता: पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकल्याशिवाय शिव्या घालायच्या नाहीत, आणि शिव्या घालायच्या आधी एक तरी चांगली गोष्ट सांगायची. बाकीचे तिघे “कव्हर बरंय” म्हणून मोकळे व्हायचे. वकील मात्र दिवसचे दिवस कानाला हेडफोन लावून बसायचा आणि एकदम उठायचा.

“तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या आधी गायक श्वास घेतो बघ. तो श्वास ऐक. पुढचं नको ऐकूस.”

“म्हणजे जेवण नासलं होतं, पण चमचा छान होता!” टोळक्यातला एक, जो स्वतःही ड्रम वाजवायचा, तो ओरडायचा. त्याचं नाव जनरेटर, कारण तो बोलायला लागला की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही.

“अरे, पण चमचा खरंच छान होता,” वकील म्हणायचा. आणि म्हणताना डोळ्यात पाणी.

टोळकं पांगलं तशी वकिलाची ही सवय रिकामी पडली, आणि रिकामी सवय माणसाला गप्प बसू देत नाही. तो ती घरात वापरायला लागला.

घर म्हणजे खाली भावोजींचं कानाच्या यंत्रांचं दुकान आणि वर भावोजींचंच घर. जिन्याखालच्या खोलीत वकिलाची खाट. परीक्षेत दोनदा आपटल्यावर ताई म्हणाली, “ये माझ्याकडे, थोडे दिवस दुकानात हात लाव.” ते थोडे दिवस अजून संपले नव्हते. सकाळी जिन्याखालून दुकानात, दुपारी दुकानातून वर जेवायला, पुन्हा खाली. चपलेला रस्त्याची धूळ लागायची ती फक्त भाजी आणायला गेल्यावर.

त्याचं काम मागच्या खोलीत. यंत्र कानात नीट बसायचं तर त्या कानाच्या आकाराचा साचा लागतो. वकील आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात आत सरकवायचा, मग पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा. पाच मिनिटं हसायचं नाही, बोलायचं नाही, जबडा हलवायचा नाही. लगदा रबरासारखा झाला की हलकेच पिळून बाहेर. त्यावरून मग तो कडक साचा बनवायचा आणि बारक्या ड्रिलने घासत बसायचा. खोलीला खिडकी नव्हती. टेबलावर लोकांचे गुलाबी कान ओळीने मांडलेले असायचे, आणि त्यांच्यासमोर वकील एकटा.

पुढच्या दालनात भावोजींचा आवाज घुमायचा. “मुद्दा काय आहे आजोबा, मुद्दा असा आहे, की यंत्र तुम्ही काढून ठेवता, मग ऐकू कसं येणार? मुद्दा तो आहे!”

“मला सगळं ऐकू येतं हो,” आजोबा म्हणायचे. “हल्ली लोकच पुटपुटतात.”

भावोजी वकिलाला कधी पुढे गिऱ्हाइकांत बसू द्यायचे नाहीत. साच्याचं कुणी कौतुक केलं, तर “आमच्याकडे मशीन आहे त्याचं,” असं सांगायचे. ताई जेवताना चिडायची. “तू बोलत का नाहीस त्यांना? मशीन म्हणे!”

“जाऊ दे गं. चहा मात्र ते मला आधी देतात. स्वतः नंतर घेतात.”

“आणि तेवढ्यावर तू इथे म्हातारा हो.”

एका दुपारी जनरेटरचा फोन आला. तो आता दुसऱ्या शहरात, गाण्याच्या कार्यक्रमांना आवाजाची यंत्रणा पुरवायचा.

“वकील! स्टेजवरचे गाणारे स्वतःचा आवाज ऐकायला कानात जे बोंड घालतात ना, ते प्रत्येकाच्या कानाच्या मापाचं हवं असतं. इथे कुणाला जमत नाही रे. एकाने बनवलं, तर आमची गायिका म्हणते, कानात खडा घातल्यासारखं वाटतंय. तू ये. राहायला माझी खोली आहे. सोमवारी ये.”

वकिलाच्या हातातलं ड्रिल नुसतंच फिरत राहिलं. “भावोजींना विचारावं लागेल. म्हणजे… तसे ते वाईट नाहीत…”

“झालं तुझं सुरू! बरं, ऐक. थोरल्यांचा नवा अल्बम आलाय. ऐकलास?”

“नाही अजून.”

“कचरा आहे. यांनी आता नातवंडांसाठी काढलाय की काय, देव जाणे. लाव पैज. शनिवारपर्यंत त्यात एक चांगली गोष्ट सापडली, तर बस तिथेच, लोकांच्या कानात लगदा भरत. नाही सापडली, तर मुकाट्याने बॅग भरायची. कबूल?”

दुसऱ्या कुणी अशी पैज लावली असती, तर वकील हसला असता. पण थोरल्यांच्या नावाने लावलेली पैज म्हणजे चेष्टा नव्हती. “कबूल,” तो म्हणाला, आणि आपण काय कबूल केलंय ते फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

अल्बम खरोखरच भयानक होता. पहिल्या गाण्यात खडीवाला गायक गोडगोड आवाजात “ओ-ओ-ओ” करत होता, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसल्यासारखा. दुसऱ्यात लहान मुलांचा कोरस. पुढे एका गाण्यात गिटार इतकी घासूनपुसून ठेवलेली, की तिच्यावरून पाय घसरावा. वकील साचे घासत ऐकत राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला थोरल्यांच्या वाईट गाण्याचा आनंद व्हायला लागला. वा, काय रटाळ! वाहवा, हे तर त्याहून रटाळ! तो ड्रिलच्या तालावर मान डोलवायला लागला. ताई डोकावून म्हणाली, “आज भलताच खुशीत?”

“काही नाही गं. फार वाईट आहे हे.”

शेवटचं गाणं उरलं, तेव्हा त्याचा अंगठा बटणावर होता. एवढ्याने काय बिघडणार? पण नियम म्हणजे नियम.

गाणं साधंच होतं. निम्म्यावर ड्रमर जुन्यासारखा दोन्ही पायांनी सुटला, ढडढडढड, आणि मध्येच अडखळला. पाय म्हातारा झाला होता. आता हे कापून टाकता येतं, दुरुस्त करता येतं, हल्ली सगळेच करतात. थोरल्यांनी केलं नव्हतं. बास वाजवणारा अर्धा ठोका थांबला. गिटार थांबली. ड्रमरचा पाय ठिकाणावर आला, आणि मग सगळे मिळून पुढे गेले.

वकिलाने हेडफोन काढले. समोरचे गुलाबी कान त्याच्याकडे बघत होते. त्याने जनरेटरला फोन लावला.

“काही सापडलं नाही,” तो म्हणाला.

“शेवटचं गाणंही ऐकलंस?”

“ऐकलं. काही नाही.”

“शाबास!” जनरेटर एवढ्याने ओरडला, की वकिलाने फोन कानापासून लांब धरला. “सोमवारी! स्टेशनवर उभा राहतो!”

थोरल्यांच्या बाबतीत वकील पहिल्यांदाच खोटं बोलला होता. तो थेट पुढच्या दालनात गेला. दुकानात कुणी नव्हतं. भावोजी पाठमोरे उभे राहून काचेच्या कपाटातली यंत्रं पुसत होते.

“भावोजी, मी सोमवारी जातोय. कायमचा.”

भावोजी पुसत राहिले.

वकिलाला वाटलं, रागावले! तो जरा जोरात म्हणाला, “भावोजी, मी दुसरीकडे काम धरलंय.” भावोजींचा हात थांबला नाही की खांदा हलला नाही. मग ते सहज वळले, समोर वकिलाला बघून दचकले आणि मोठ्याने म्हणाले, “अरे! कधी आलास तू?”

वकिलाने एवढे बहिरे पाहिले होते, की यात समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते नेहमी ओरडून का बोलतात, गिऱ्हाइकाच्या ओठांकडे टक लावून का बघतात, ताई हाक मारून मारून का वैतागते, सगळं एकदम जागेवर बसलं. तो बघत राहिला, आणि त्याला कळलंय हे भावोजींनाही कळलं.

त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं.

“मुद्दा काय आहे…” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच तो मुद्दा पुढे सरकेना. “डावा तर गेलाच आहे. उजवाही चाललाय. तुझ्या ताईला सांगू नकोस. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, त्याच्याकडून कानाचं यंत्र कोण घेईल रे? आतापर्यंत ओठांवर भागवलं. तुला पुढे बसवलं असतं आधीच, पण भीती वाटायची. तू शेजारी असलास, तर तुला कळणार. आता कळलंच आहे. उद्यापासून तू पुढे बस माझ्याशेजारी. गिऱ्हाईक काय म्हणतं ते मला हळूच सांगत जा. आणि माझे साचे घे. आत्ताच घे.”

भावोजी मागच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले, शाळेतल्या पोरासारखे, मांडीवर हात ठेवून. वकिलाने बोळे सरकवले. आधी डावा कान भरला, मग उजवा.

“हलायचं नाही. बोलायचं नाही,” त्याने खुणेने सांगितलं. भावोजींनी डोळे मिटून घेतले.

मग वकील बोलला. सोमवारचं बोलला, जनरेटरच्या खोलीचं बोलला, खिडकी नसलेल्या या खोलीचं आणि ‘मशीन आहे’ या वाक्याचं बोलला. “मला जायचंय, भावोजी,” तो म्हणाला. “मला इथे गुदमरायला होतं.” एरवी एवढं सलग तो कुणाशीच बोलला नव्हता. लगदा घट्ट होत गेला. भावोजी जबडा न हलवता, शहाण्यासारखे बसून होते.

त्याने साचे पिळून काढले. भावोजींनी डोळे उघडले. “काही म्हणत होतास का?”

वकिलाने साचा दिव्यासमोर धरला. कानाचं वळण कुठेही न तुटता उतरलं होतं.

“छान आलाय,” तो त्यांच्या समोर जाऊन, सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाला.

भावोजी गेल्यावर त्याने फोन लावला.

“जनरेटर, मी खोटं बोललो. सापडलं होतं.”

“काय?”

“शेवटच्या गाण्यात. ड्रमर अडखळतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. अर्धा ठोका. कापला नाहीये त्यांनी, तसाच ठेवलाय. पैज पैज आहे. मी नाही येत.”

जनरेटर गप्प. त्याला एवढा वेळ गप्प कुणी ऐकलं नव्हतं.

“ते मीही ऐकलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “ऐकलं तेव्हाच वाटलं, संपलं, हा काही येत नाही. मग तुझा फोन आला, काही नाही सापडलं म्हणून. तेव्हापासून मी खोली आवरतोय रे, वकील.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. बाहेर भावोजी दार उघडून मोठ्याने कुणाला तरी “या, या,” म्हणत होते, आणि आलेला माणूस काय म्हणतोय ते त्यांना कळत नव्हतं. वकील हात पुसून पुढे गेला.