खालची कडी

सकाळी धुकं एवढं दाट, की शाळेचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसत नव्हतं. तिसरीच्या बाई मात्र रस्त्याच्या टोकापासून ऐकू येत होत्या. पोरं त्यांना मागून 'तोफ' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

ओल्या फडक्यानं फळा पुसता पुसता बाई स्वतःवरच खूश होत्या. फळा हातभर खाली आणलेला, एका बाकाखाली पाय टेकायला खोका, दप्तराची एक खुंटी खाली ठोकलेली. सगळं शिंपीणबाईंच्या लेकीसाठी. पोरीच्या हाडांची वाढ जन्मापासूनच बेताची. वर्गात सगळ्यांत ठेंगणी ती, आणि जीभ सगळ्यांत लांब तिची. पहिल्याच आठवड्यात एकानं तिला बाहुलीसारखं उचललं, तर तिनं त्याचा कान चावला. बाईंनी त्या कानाला औषध लावलं आणि त्याचा दुसरा कान पिळला.

फळा अर्धा पुसून झाला तोच शिंपीणबाई लेकीला घेऊन दारात उभ्या.

"बाई, काल हिला डॉक्टरकडं न्यावं लागलं. लघवीला आग होते. शाळेत पाण्याचा थेंब पीत नाही. बाटली भरलेली येते, भरलेलीच परत जाते. विचारलं तर तोंड शिवून बसते. आता पुन्हा असं झालं, तर मी घरीच ठेवीन हिला. सांगून ठेवते."

शिंपीणबाई गेल्या. बाईंनी पोरीला जवळ घेऊन हळूच विचारायचं ठरवलं. पण हळूच बोलणं देवानं त्यांच्या गळ्यात घातलंच नव्हतं. "शू लागत नाही का गं तुला?" हे शेजारच्या वर्गापर्यंत पोचलं. पोरं खिदळली. पोरगी कानापर्यंत लाल झाली.

"लागते. पण संडासाच्या कडीला हात पोचत नाही."

"मग मैत्रिणीला उभं करायचं दाराशी!"

"करते ना. ती आतल्या बातम्या बाहेर वाटते." पोरीनं मान वर केली. "तुमच्या दाराशी कोण उभं राहतं, बाई?"

तोफेची वात विझली. फळा खाली, खुंटी खाली, आणि माणसाला खरी घाई जिथं असते, नेमकं तेच दार आपण विसरलो!

बाई तडक हेडसरांच्या खोलीत, संडासाला खाली कडी मागायला.

"पुढच्या बैठकीत विषय घेऊ," हेडसर म्हणाले.

"तोवर तिनं धरून ठेवायचं?"

"नियम असतात, बाई."

"मग तुम्हीही आजपासून धरून ठेवा, सर. बघू बैठक किती लवकर भरते."

हेडसरांच्या दाराला आतून छान पितळी कडी होती. दुपारी ती लागली, की आतून घोरणं सुरू होई. बाईंनी तिच्याकडं नुसतं टक लावून पाहिलं. हेडसरांनी मुकाट्यानं खणातून स्क्रू ड्रायव्हर काढून दिला.

संडासाची वरची कडी तशीच ठेवून, हेडसरांच्या दाराची काढलेली पितळी कडी घेऊन बाई दाराशी फतकल मारून बसल्या.

"इथं लावू?"

"खाली."

"इथं?"

"इतकं पण नाही, बाई. मी काय मांजर आहे?"

शेवटी पोरीनंच बोट ठेवलं, तिथं कडी बसली. पोरगी आत गेली. खट्. बाई बाहेर राखणीला उभ्या. आतून कसलाच आवाज येईना.

मग दारापलीकडून आलं, "बाई, जाता का जरा?"

"जाते गं आई, जाते!"

वर्गात अर्धा फळा तसाच राहिला होता. फडकं सुकत आलं होतं. बाईंनी ते बादलीत बुचकळलं, पिळलं आणि उरलेला फळा पुसायला घेतला.