आईच्या कॉम्प्युटरला पुन्हा करंट

जुन्नरच्या बाजारपेठेत आई लग्नपत्रिका छापायची. दुकान बंद केल्यावर तिचा कॉम्प्युटर डिंगोरे गावातल्या आमच्या घरी माळ्यावर गेला, घोंगडीत गुंडाळून. परवाच्या दिवाळीत तिने फर्मान काढलं, "त्यो चालतोय का बघ."

मी खाली उतरवला. भाऊबिजेला आलेले दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, वायर घेऊन पुढे. माणूस खोडदचा. गावाला आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठमोठ्या दुर्बिणी, त्यामुळे यंत्रांतलं आपल्याला उपजतच कळतं, असा त्यांचा समज.

"लावा की प्लगात, राव! त्यात काय बघायचं?"

"दाजी, इतकी वर्षं पडून होता. एकदम लावला तर धूर निघंल."

मी डबा उघडला. आत उंदराने चिंध्यांचं बाळंतघर थाटलेलं. ते काढून ब्रशने धूळ झाडली. आतल्या घड्याळाचा सेल पाझरून हिरवा पडला होता, तो बदलला. पंखा बोटाने फिरवला, कुठला कपॅसिटर फुगलाय का तेही पाहिलं. मग पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेला टेस्टिंग बोर्ड मधे जोडला. त्यात करंट आधी बल्बमधून जातो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगत राहतो आणि यंत्र वाचतं.

"सगळे लांब व्हा," मी म्हणालो. दाजी मात्र नाक खुपसून वाकलेले. बटण दाबलं. बल्ब लखकन पेटला आणि फाट्! असा आवाज झाला.

"गेला! फुटला!" दाजी थेट अंगणात. मीही घाबरून प्लग उपटला. वळून बघतो तर मागे आई, हातात फुटलेली कागदी पिशवी, तोंडाला पदर.

"पावणं, यंत्रातलं लई कळतं न्हवं?"

दाजी गाल फुगवून बसले. मी प्लग लावून पुन्हा बटण दाबलं. बल्ब पेटला आणि लगेच मंद झाला. म्हणजे आत सगळं ठीक. मग बोर्ड काढून सरळ लाइन दिली, सेल संपल्यामुळे तो विसरलेली सेटिंग भरली, आणि घरघरत पडदा उजळला.

पहिलीच फाइल निघाली ती आईने फावल्या वेळात रचलेली, आमच्या म्हशीच्या डोहाळजेवणाची पत्रिका. 'आहेर फक्त पेंडीच्या स्वरूपात स्वीकारला जाईल.' दाजींचा रुसवा पळाला. हसत हसत त्यांनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपातल्या, शेजारच्या गावच्या काकू पेंडीची पाटी घेऊन दारात. आमच्या गोठ्यात आता म्हैस कुठली, मोटारसायकल असते. पण आईने पाटी उतरवून घेतली आणि गंभीर तोंडाने सांगितलं, "बाळंतपणाला म्हायेरी गेलीय. आल्यावर देते."