हार खाणारी बकरी आणि आमच्या शैलजाताई

शैलजाताईंची माझी पहिली ओळख झाली ती शाळेच्या फाटकापाशी. मी शिक्षिका; निंबोला गावाहून माझी बदली शहरात, शनवाऱ्याजवळच्या त्यांच्या शाळेत झाली होती. माझी मुलगी मुक्ताही तिथेच पहिलीत आली. नव्या मुलांना टिळा लावून झेंडूचा हार घालायची आमच्याकडे पद्धत आहे. हार बघताच मुक्ताने किंकाळी फोडली आणि फाटकाला जी मिठी मारली, ती सुटेना. तिला घरी सांभाळणारं कुणी नव्हतं. ती शाळेत रुळली नाही, तर नोकरी सोडायची, असं मी तिथेच मनाशी ठरवून टाकलं.

कुणी पेढा दाखवला, कुणी दटावलं. मुख्याध्यापिका असलेल्या ताई मात्र तिच्याशेजारी सरळ मातीत बसल्या.

"बेटा, शाळा खराब आहे की हार?"

"हार. आजोबाच्या फोटोला घातला ना, मग आजोबा वापस आलेच नाही."

मी तिची आई, पण हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं! ताई हसल्या नाहीत. "मला तर हर साल घालतात. हात लावून बघ, आहे का नाही मी?" मुक्ताने त्यांचा गाल नीट चाचपून पाहिला आणि फाटक सोडलं.

तरी वर्गात ती गप्पच असे. मग ताईंनी मोठ्या अक्षरांचं एक छोटं पुस्तक लिहिलं. नव्या शाळेत नवी मोठी बाई येते, तिला हार घालतात, वर्ग सापडेना म्हणून ती स्वयंपाकघरात शिरते आणि मागून बकरी हार फस्त करते. मुक्ता उचकी लागेपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी माझं बोट सोडून वर्गात गेली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पुढे ताईंनी अशी कितीतरी पुस्तकं लिहिली. रडणाऱ्या मुलाची खिल्ली त्यांत कुठेही नाही. फजिती होते ती मोठ्यांची. छापण्याआधी त्या पहिलीच्या वर्गात वाचून दाखवत. पोरं हसली नाहीत, तर ते पान बाद. एकदा माझ्या आवडीचं पान गेलं म्हणून मी हळहळले, तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शाळेत रुळलेल्या. तुमचं हसणं काय कामाचं?" आजही शाळा उघडली की धास्तावलेल्या आया रडकी पोरं घेऊन त्यांच्या लोधीपुऱ्यातल्या घरी जातात आणि येताना हसत येतात.

ताईंच्या या पंच्याहत्तरीच्या सोहळ्यात त्यांना हार कुणी घालायचा, यावरून आमच्या सोहळा समितीत बरीच ओढाताण झाली. शेवटी मुक्ता उठली. ती आता स्वतः शिक्षिका आहे. म्हणाली, "हार मीच घालणार." ताईंना कळवलं, तर उत्तर आलं, "घाल की. पण बकरीला पण बोलाव."

ताई, प्रकृती जपा आणि असे हार घालून घ्यायला खूप वर्षं आमच्यात राहा. हार घातल्यावर मुक्ता तुमचा गाल चाचपून बघेल. तिला बघू द्या.