डासांची ओळख

आमरसाचा डबा उघडला की ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधली जुलैतली एक घामट दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन कोकणात निघायचं होतं आणि मलेरिया टाळणारी पहिली गोळी तिला जेवणाबरोबर द्यायची होती. ज्यांच्याकडे जेवायला गेलो होतो ते काका नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. जेवणाआधीही भाषण करणारे. "गोळ्या कशाला? आपण काय टूरिस्ट आहोत? तिथले डास ओळखतात आपल्याला!" सगळे हसले. लेक म्हणाली, "सी? आय डोन्ट नीड इट!" बायको संकोचून गोळी परत ठेवू लागली, तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्हाला ओळखत असतील हो. ही जन्मली ह्यूस्टनला." आणि त्यांनी गोळी कुटून आमरसात कालवली. लेक महिन्याने अंगभर डासांचे चावे घेऊन, पण तापाविना परतली. त्याचं श्रेय काका अजूनही कोकणच्या हवेला देतात.