विश्वंभरची गार शेकोटी

विश्वंभरने लावलेल्या आगीत मी चौदा वेळा जळून मेले, आणि प्रत्येक प्रयोगानंतर मला सर्दी झाली. लाल जिलेटीन कागदाच्या पट्ट्या, खाली पिवळा दिवा, मागे टेबलफॅन, अशी ती आमच्या हौशी नाटकातली रंगमंचावरची आग. प्रेक्षक हुंदके देत आणि मी ज्वाळांत कुडकुडत असे.

दिवसा हाच माणूस बाजव्याच्या रिफायनरीत आग लागू नये म्हणून पगार घेई. चौतीस वर्षांनी निवृत्त झाल्यावर समा भागातल्या त्याच्या सोसायटीत त्याला कुणी विचारेना. तेव्हा त्याने एक युनिव्हर्सल, म्हणजे कुठल्याही यंत्राला चालणारा, रिमोट घेतला आणि तो पेनासारखा खिशाला लावून हिंडू लागला. कुणाचा टीव्ही, कुणाचा एसी; रिमोट हरवला की विश्वंभरकाका. त्याने हात लावला आणि यंत्र चाललं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. उरलीसुरली सगळी इज्जत त्या खिशात होती.

यंदा जानेवारीत हरणी भागातून आमच्या ओळखीच्या मल्हाररावांचा फोन आला. त्यांच्या मुलाने, समरजितने, कॅनडाहून येऊन दिवाणखान्यात गॅसची शेकोटी बसवून दिली होती. बडोद्यात. इथे थंडी येते ती चहा पिऊन निघून जाते. शेकोटीचा रिमोट त्यांच्या पत्नी जिजाबाईंनी शालीबरोबर वॉशिंग मशीनमध्ये धुतला होता, आणि दहा वाजता मुलगा व्हिडिओ कॉलवर शेकोटी पेटलेली बघणार होता.

"पेटवून देतो," विश्वंभर म्हणाला. मी प्रेक्षक म्हणून सोबत गेले.

गेल्या गेल्या तो शेकोटीशेजारच्या कपाटात डोकं घालून आला आणि मग कोचावर बसून एकेक कोड लावू लागला. बाराव्या कोडला शेकोटी 'टिक्' वाजली. ज्योत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा टिक्.

"ऐकते, पण करत काही नाही," जिजाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यासारखी."

पावणेदहा झाले. "जवा दो, जाऊ द्या, विश्वंभरराव," मल्हारराव म्हणाले. "सांगतो समरजितला, तुम्हाला जमलं नाही."

विश्वंभरचा चेहरा पडला. मग त्याने विचारलं, "वहिनी, रिमोटवाला टेबलफॅन आहे का? एखादा पिवळा दिवा? आणि दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या टोपलीवरचा लाल कागद?"

दहाला शेकोटी धडधडून पेटली.

"मस्तच," फोनमधून समरजित म्हणाला. "जरा मोठी वाटते, बाबा. कमी करा."

विश्वंभरने गंभीरपणे बटण दाबलं. पंखा तीनवरून एकवर आला, ज्वाळा खाली बसल्या.

"ऊब येते ना, आई?"

"फार," जिजाबाई अंगाभोवती शाल घट्ट ओढत म्हणाल्या.

फोन बंद झाला. "रिमोट चालला," विश्वंभर कुणाकडेही न बघता म्हणाला.

उरलेला कागद ठेवायला जिजाबाईंनी शेजारचं कपाट उघडलं. आत गॅसच्या व्हॉल्व्हला लाल पाटी लटकत होती. त्यांनी ती मोठ्यांदा वाचली, "काम चालू. उघडू नये. सही, विश्वंभर."

रिफायनरीचा नियम: काम करण्याआधी गॅस बंद करून पाटी लावायची. चौतीस वर्षांच्या सवयीने हाताने ती खिशातून काढून लावली, डोक्याला कळवलंच नाही. मल्हाररावांना हसून ठसका लागला.

"पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची असते," विश्वंभर रुबाबात म्हणाला. त्याने कागद, दिवा, पंखा सगळं बाहेर काढलं, पाटी उतरवली, गॅस उघडला आणि बटण दाबलं. पहिल्याच 'टिक्'ला खरी ज्योत आली.

पाच मिनिटांत आम्हा चौघांना घाम फुटला.

"विश्वंभरभाऊ," जिजाबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "ही बंद करा. मघाचीच लावा."