रणगाड्यावरचा माझा लेख

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, शॉमबर्ग गावी एका कंपनीत गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज करत होतो. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक तेव्हा हाताने लिहून, झेरॉक्स काढून निघायचा. संपादक काकूंचा फोन आला, "अरे, सगळ्यांनी आजोळच्या आठवणीच पाठवल्यात. तू काहीतरी टेक्निकल लिही ना, प्लीज."

मला निमित्तच हवं होतं. आमच्या घरी यंत्र जर्मन आहे म्हटलं की पुढे बोलायचं काम नसे, आणि ते वेड मी इथेही बरोबर आणलं होतं. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या अवजड रणगाड्यावर लिहायचं ठरवलं. गावच्या लायब्ररीत काउंटरवर साठीला टेकलेली एक पोलिश बाई असे. तिने इतर लायब्रऱ्यांतून माझ्यासाठी सहा पुस्तकं मागवली. कशाला हवीत, हे एकदाही विचारलं नाही.

लेख रंगला. एवढं वजन चिखलात रुतू नये म्हणून चाकं साडीच्या निऱ्यांसारखी एकमेकांवर चढवलेली, त्यामुळे आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची कितीतरी काढावी लागत, हे मी चवीने लिहिलं. एका पुस्तकात हे रणगाडे कोणाकडून करवून घेतले, त्याची दोन पानं होती. मी ती वाचली. पण आपला विषय डिझाइनचा, अशी स्वतःची समजूत घातली आणि त्या दोन पानांचं एक वाक्य केलं: 'सुदैवाने मनुष्यबळाची ददात नव्हती.' त्यातल्या 'सुदैवाने'ला काही काम नव्हतं. शाळेत निबंधाची बक्षिसं मिळवणाऱ्यांना अशी खोड असते. वाक्याला डौल यावा म्हणून घातला, झालं.

अंक निघाल्यावर मिरवायला तो लायब्ररीत घेऊन गेलो. बाई खूश झाली. टेबलाशी खुर्ची ओढून म्हणाली, "वाचून दाखव. इंग्लिशमध्ये सांग." मी ओळीवर बोट ठेवून भाषांतर करत चाललो. निऱ्यांपाशी ती हसली. गिअरबॉक्सपाशी मला थांबवून म्हणाली, "त्याची दातेरी चाकं मी धुवायचे. सोळा वर्षांची होते. आम्हाला गावातून ट्रकमध्ये घालून नेलं. हिवाळ्यात रॉकेलमध्ये हात घालून घालून बोटं फुटायची. माझी बहीण तिथेच गेली."

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. मग म्हणाली, "हं, पुढे?"

पुढचंच वाक्य ते 'सुदैवाने'चं होतं. वाक्य गाळता आलं असतं, किंवा आहे तसं वाचून माफी मागता आली असती. मी यांपैकी काहीच केलं नाही. मी म्हणालो, "इथे लिहिलंय की, हे रणगाडे पकडून आणलेल्या माणसांनी बांधले. त्यांच्या हालांचा कोणी हिशेब ठेवला नाही. त्यांना विसरू नये."

थापही मी डौलदार मारली.

बाई माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "मी तुला दिलेली सगळी पुस्तकं आधी चाळली होती. बहुतेकांत आम्ही नाहीच. तू लिहिलंस." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने माझ्याकडे अंक मागितला, मुलीला दाखवायला. नाही कसं म्हणणार?

"ते वाक्य कुठलं?" तिने विचारलं. "मला वाचता येणार नाही, पण कुठे आहे ते कळू दे."

मी बोट ठेवलं. एरवी पुस्तकात कोणी टिंब केलेलं तिला खपायचं नाही. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि 'सुदैवाने'पासून पूर्णविरामापर्यंत, माझं बोट बाजूला सारत, सावकाश खाली एक सरळ रेघ ओढली.