पहिली टाळी

"तुम्हाला या संगीतातलं काय कळतं हो?" असं लॉन्ड्रीवाल्या मावशीला कुणी विचारलं, की ती सरळ सांगायची, "संपलं की कळतं." हे ती विनयानं म्हणत नसे. विनयाशी मावशीची कधी ओळखच झालेली नव्हती. तिला खरोखरच तेवढंच कळायचं, पण असं काही पक्कं कळायचं की अख्खं सभागृह तिच्या हातांकडे बघत बसायचं.

शहरात दरवर्षी आठवडाभर संगीत महोत्सव भरायचा. संध्याकाळचे कार्यक्रम तिकिटाचे. त्या श्रोत्यांना मावशी चेहऱ्यानं ओळखत नसली तरी कॉलरनं ओळखायची, कारण आधीचा आठवडाभर त्यांचे काळे कोट तिच्याच दुकानात लटकलेले असायचे. दुपारचे कार्यक्रम मात्र फुकट. ऐन जेवणाच्या सुट्टीत, नगरभवनाच्या सभागृहात, उद्या मोठे होतील असे आणि काल मोठे होता होता राहिलेले असे सगळे कलावंत तिथं वाजवून जायचे. श्रोतेही तसेच निवडक. बँकेतले कारकून, खरेदी करून पाय दुखलेल्या बाया, बाळाला झोपवायला आलेली एखादी आई, आणि न चुकता तिसऱ्या रांगेत निवृत्त पोस्टमन. त्याच्या शेजारची कडेची खुर्ची मावशीची.

"फुकट आहे म्हणून जातेस," मावशीचे यजमान म्हणायचे. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. ते काउंटरवर बसून कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या टाचायचे.

"तुमचा सल्लाही फुकटच असतो," मावशी म्हणायची. "तो कुठं घेते मी?"

आता या दुपारच्या संगीताला एक वाईट खोड होती. ते संपल्यासारखं करायचं आणि संपायचं नाही. पियानोवाला हात उचलून मांडीवर ठेवायचा, लोक खूश व्हायचे, आणि गडी पुन्हा सुरू! मधेच टाळी वाजवणं म्हणजे महापाप. मग पियानोवाला अशा नजरेनं बघायचा, की टाळी वाजवणाऱ्यानं खुर्चीखाली घर करावं. त्यामुळे हळूहळू सगळे मावशीकडे बघायला लागले. मावशीची टाळी पडली की संपलं. नाही पडली की गप बसायचं.

मावशीचं उभं आयुष्य वाफेच्या प्रेसपाशी गेलं होतं. एक पेडल दाबलं की वाफ सुटते, दुसरं दाबलं की खालून हवा ओढली जाऊन कापड सुकतं. विजार ओलसर असताना उचलली, तर गिऱ्हाईक दारापर्यंत पोचेस्तोवर घडी मोडलेली. जास्त वेळ ठेवली, तर कापड चकाकायला लागतं. 'झालं, आता उचल' हा क्षण मावशीच्या तळव्यांना आपोआप कळायचा. संगीतही तिला त्यातलंच वाटायचं. सूर निघून गेला तरी मागे त्याची थोडी वाफ उरते. ती विरली की वाजवायचं. आणि वाजवायचं म्हणजे काय, इस्त्रीनं तापून राठ झालेले ते हात. दोन फळ्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज व्हायचा. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या दचकून जाग्या व्हायच्या आणि मनापासून टाळ्या वाजवायच्या.

चुकली होती ती एकदाच. चौघं वाजवणारे आले, बसले, लांबलचक काहीतरी वाजवून थांबले. मावशीनं टाळी दिली. सभागृह कडाडलं. पोस्टमन तर उभाच राहिला. नंतर कळलं की त्यांनी नुसते सूर जुळवले होते. पण चौघांनी उठून, वाकून आभार मानले, त्यामुळे मावशीच्या मते हिशोब चुकता झाला होता.

मावशीची भाची शाळेपासून दुकानाच्या वरच्या खोलीत राहून व्हायोलिन शिकत होती. त्या वर्षी महोत्सवाच्या आधी ती एका दुपारी प्रेसपाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, शुक्रवारी मी आहे."

"कुठं आहेस?"

"सभागृहात. स्टेजवर. मीच रचलेलं, मीच वाजवणार. एकटी."

मावशीच्या हातातली बाही खाली पडली. "आणि हे तू मला शर्ट अर्धा झालेला असताना सांगतेस?"

"तुझा कुठला ना कुठला शर्ट अर्धाच असतो. कधी सांगायचं?"

मावशीनं तिला जवळ ओढलं, तिच्या पाठीवर थापटलं, आणि त्या थापेनं भाची एक पाऊल पुढं गेली. मग तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. महोत्सवाच्या संयोजक बाई शुक्रवारी स्वतः येणार होत्या. दुपारच्या मंडळींतून एकालाच त्या पुढच्या वर्षी संध्याकाळच्या मंचावर घेतात. एकालाच.

"मग काळजीच सोड," मावशी म्हणाली. "अशी टाळी देते की बाईंचा चष्मा उडेल."

"त्याबद्दलच बोलायचं होतं." भाची व्हायोलिनच्या पेटीचा पट्टा पिळायला लागली. "मावशी, तू ये. पण टाळी वाजवू नकोस."

काकांनी टाचणी तशीच हवेत धरली. असला तमाशा घरबसल्या रोज बघायला मिळत नाही.

"काय म्हणालीस?"

"शेवटी मी गज हवेत धरून ठेवणार आहे. काहीच न वाजवता. ती शांतता रचनेतच आहे गं. तेवढ्यात तुझी टाळी पडली, तर सगळं मुसळ केरात."

"म्हणजे न वाजवलेलं वाजवल्यात धरायचं?"

"हो."

"बरं आहे! मी न धुतलेला कोट धुतल्यात धरला, तर गिऱ्हाईक जीव घेईल माझा."

"मावशी, तू सूर जुळवण्याला टाळी दिली होतीस."

"फार सुंदर जुळले होते ते!"

"मावशी."

मावशीनं खाली पडलेली बाही उचलली, झटकली, नीट लावली. "दिला शब्द," ती म्हणाली. "शुक्रवारी हे हात तुझ्या कार्यक्रमात वाजणार नाहीत. झालं समाधान?" आणि पेडल इतक्या जोरात दाबलं की दोघीही वाफेत दिसेनाशा झाल्या.

शुक्रवारी काकांनी दुकानाला चक्क कुलूप लावलं. सभागृहात पोस्टमननं मावशीच्या खुर्चीवर टोपी ठेवून जागा धरली होतीच. "काय मावशी, आज घरचं कार्य! हात तेल लावून आणलेत ना?" मावशी नुसती हसली. स्वतःच्या भाचीनं आपली टाळी बंद केली, हे सांगायचं म्हणजे आपलं नाक कापून आपल्याच हातात घ्यायचं. तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा घोळ झालाच नसता.

भाची आली. अंगात काळा झगा, त्याची चुणी न् चुणी मावशीनं बसवलेली. कडेला एका खुर्चीवर संयोजक बाई बसल्या होत्या, ताठ, कांजी केलेल्या. भाचीनं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. मावशीनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि वर आपलं सगळं वजन ठेवलं.

वादन सुरू झालं. लोक माना डोलवत होते, मावशी हातांना दाबून धरत होती. उजवा जरा बरा होता, डावा फार अनावर. सूर बारीक होत गेला, आणखी बारीक झाला, आणि गेला. भाचीचा गज हवेत थांबला. सभागृह चिडीचूप. बाळ झोपलेलं होतं, कारकुनांनी डब्यांची झाकणं धरून ठेवली होती. सगळं अगदी भाचीला हवं होतं तसं.

मग भाचीनं गज खाली घेतला. खांदे सैल सोडले. मान वर केली.

टाळी नाही.

एकूण एक मान तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे वळली होती.

पोस्टमन कुजबुजला, "मावशी, संपलं ना?"

"मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू? बँकेला?"

"आपापलं बघा."

मागून एक कारकून दुसऱ्याला म्हणाला, "मावशी हलत नाहीत. अजून एक भाग असणार." आणि दोघं पुन्हा सावरून बसले. त्यांना बघून मागची अख्खी रांग सावरून बसली.

आता काका वाकले. "वाजव."

"शब्द दिलाय."

"अगं, तिनं गज खाली घेतलाय!"

"शब्द देताना गज वर-खाली असं काही बोलणं झालं नव्हतं."

"अशानं पोरीचं वाटोळं होईल."

"मग तुम्ही वाजवा ना!"

"मी?" काका हबकले. "मी जन्मात कधी वाजवलीय का?"

तिकडे स्टेजवर भाचीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. टाळीआधी वाकायचं तरी कसं? ती अर्धवट वाकली. लोकांना वाटलं, बूट बघतेय. आपली रचना लोकांना एवढी नावडली, की त्यांच्यानं हातसुद्धा उचलवत नाहीत, असं तिला वाटतंय, हे मावशीला लांबूनही दिसत होतं. पोरीची हनुवटी थरथरायला लागली. शब्द मोडावा, तर हीच म्हणणार, तुला एवढंही जमलं नाही. पाळावा, तर हिचंच पाणी होतंय.

तेवढ्यात भाचीनं थेट मावशीकडे बघितलं. मावशीला वाटलं, विचारतेय. म्हणून तिनं मांड्यांखालून दोन्ही हात काढले आणि तळवे समोर धरून दाखवले. बघ बाई, नाही वाजवले.

अख्ख्या सभागृहानं हात वर घेतले.

मावशीनं हात परत मांड्यांखाली घातले.

अख्ख्या सभागृहानं हात खाली घेतले.

भाचीनं हे सगळं वरून बघितलं. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग ओठ हलले, आणि मग तिच्या तोंडून हसू असं फुटलं की व्हायोलिन सावरावं लागलं. "मावशी!" ती स्टेजवरून ओरडली. "अगं, वाजव आता!"

मावशीची फळी पडली. त्यामागोमाग छत पडतंय की काय, असा कडकडाट झाला. बाळ जागं होऊन केकाटलं, त्याचीही त्यात भरच पडली.

नंतर मागच्या बोळात, घड्या घातलेल्या खुर्च्यांच्या राशीपाशी, मावशी संयोजक बाईंना गाठून उभी राहिली. "हे बघा, चूक सगळी माझी. पोरीला बोल लावू नका."

बाईंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या भाचीला म्हणाल्या, "दुपारी लोक सुराच्या शेपटीवर पाय देऊन टाळ्या वाजवतात. आज इतकी शांतता राहिली की मला माझं घड्याळ ऐकू आलं. हे कसं साधलंत?"

भाचीला थाप मारता आली असती. काकांनी मागून तशी खूणही केली. पण ती म्हणाली, "पहिली थोडी शांतता माझी होती. उरलेली हिची. लोक हिच्या टाळीची वाट बघत होते, आणि मी हिला वाजवू नकोस म्हणून सांगितलं होतं."

बाईंनी मावशीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एखाद्या कापडावर डाग कुठला आहे ते बघावं तसं. "पुढच्या वर्षी संध्याकाळी वाजवा," त्या भाचीला म्हणाल्या. "पण ही रचना नको."

"का?"

"तिकीटवाल्यांना एवढं थांबवत नाही. त्यांना गाड्या काढायच्या असतात."

घरी जाताना भाची हवेत होती, काका गुणगुणत होते, आणि मावशी दोन पावलं पुढंच चालत होती. दुकानाचं कुलूप काढताना भाचीनं विचारलंच, "अगं, पण तुला कशी वाटली?"

"काय?"

"काय काय? रचना!"

मावशीनं दिवा लावला. प्रेसचं बटण दाबलं. मग भाचीकडे पाठ करूनच म्हणाली, "ऐकलीच नाही."

"म्हणजे?"

"सगळा वेळ हात धरून बसले होते, आता डावा सुटतो की उजवा. कानात एक सूर शिरला असेल तर शपथ."

भाचीनं कपाळावर हात मारला. मग पेटी उघडली. लटकलेल्या कोटांमधून वाट काढून ती काउंटरपाशी उभी राहिली आणि पहिल्यापासून वाजवायला लागली. मावशी या वेळी स्टुलावर बसली, हात मोकळे मांडीवर. मध्येच एक गिऱ्हाईक दोन्ही हातांत कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात आलं. काकांनी बोट उचलून त्याला उंबऱ्यावरच थोपवलं.

सूर बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि गेला. गज हवेत राहिला. मागच्या खोलीत धुण्याचं यंत्र पाणी सोडत होतं, तेही थांबलं. गिऱ्हाईकानं गाठोडं एका गुडघ्यावर टेकवलं.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "हात भरून आला गं."

"थांब," मावशी म्हणाली. "अजून आहे."